शेडमधला छोटा ट्रॅक्टर: अमेरिकेच्या अंगणातली एक जुनी गोष्ट

आजचा भाग ट्रॅक्टरचा आहे. पण ज्याच्या मागे दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याला जातो, तो ट्रॅक्टर नव्हे. हा त्याचा नातू म्हणा. उंचीला जेमतेम कमरेएवढा, मागची चाकं मोठी, पुढची इवलीशी, आणि मधे बसायला एक पत्र्याची सीट. इंजिन सात ते सोळा हॉर्सपॉवरचं. म्हणजे तुमच्या बुलेटपेक्षाही कमी. अमेरिकेत याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. आपणही तेच म्हणू, कारण ‘बागेचा ट्रॅक्टर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर येतो, आणि ती वेगळी जात आहे.

तर होतं काय, की ओहायो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत कुणाचे तरी आजोबा जातात. घर विकायला निघतं. मागच्या शेडचं दार उघडलं की आत, पाइपच्या वेटोळ्याखाली आणि रंगाच्या डब्यांमागे, असा एक ट्रॅक्टर उभा असतो. टायर बसलेले, बॅटरी मेलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार. पोरं जाहिरात टाकतात. मजकूर साधारण ठरलेला: चालत नाही, जसा आहे तसा, येऊन घेऊन जा. किंमत काहीशे डॉलर. आणि कुणीतरी ट्रेलर घेऊन खरंच येतो, तो उचलतो, आणि पुढचा अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये त्याच्यासोबत काढतो.

का? गवत कापायला नवीन मशीन दुकानात मिळतं की. मग साठ वर्षांचं गंजकं लोखंड घरी आणायचं कशासाठी? छंद आहे, आठवणी आहेत, हे सगळं खरंच. पण मला यात एक दुसरी गोष्ट दिसते, आणि आजचा भाग तिच्यावरच आहे. हे ट्रॅक्टर दुरुस्त होतात. साधे पाने, एक सर्व्हिस मॅन्युअल आणि सबुरी असलेल्या माणसाच्या हातून होतात. त्यानंतरची बरीच मशीनं तशी होत नाहीत. हा योगायोग नाही. त्यामागे एक विशिष्ट काळ आहे, काही कंपन्या आहेत, आणि त्या कंपन्यांचं पुढे जे झालं ते आहे.

सुरुवात करू लॉनपासून.

दुसरं महायुद्ध संपलं. लाखो सैनिक घरी परतले. १९४४ च्या जी.आय. बिलमुळे त्यांना घरासाठी स्वस्तात कर्ज मिळू लागलं. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट नावाच्या बिल्डरने बटाट्याच्या शेतांवर घरांची वसाहत उभारायला घेतली. कारखान्यात मोटारी बनाव्यात तशी एकसारखी घरं. पुढच्या काही वर्षांत तिथे १७ हजारांहून जास्त घरं झाली. नाव लेव्हिटटाउन. आणि घर घेणाऱ्याला नियम होते: कुंपण घालायचं नाही, हंगामात गवत दर आठवड्याला कापायचं. एक नियम आणखी होता, जो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. सुरुवातीच्या करारांत स्पष्ट लिहिलं होतं की गोऱ्या लोकांशिवाय इथे कुणी राहायचं नाही. युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांना ते हिरवं अंगण मिळालं नाही. अमेरिकन लॉनचे जुने रंगीत फोटो बघताना त्यात कोण नाही, तेही बघा.

आता लेव्हिटटाउनचा प्लॉट असायचा साठ बाय शंभर फूट. म्हणजे आपले साडेपाच गुंठे. तेवढ्याला ढकलायचं मशीन पुरतं. पण शहरापासून आणखी लांब गेलं की एकर-दोन एकरांची घरं होती. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. एवढं गवत ढकलत कापायचं म्हटलं तर रविवार गेलाच, सोमवारी कंबरही गेली. बरं, या घरांत राहणारे बरेचसे शेतकऱ्यांचीच मुलं. दिवसा कारखान्यात किंवा ऑफिसात काम, पण घरामागे मका, टोमॅटो, बटाटा लावल्याशिवाय चैन नाही. त्यांना गवत कापणारं, भाजीचा तुकडा नांगरणारं आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारं, असं एकच मशीन हवं होतं.

मोठ्या कंपन्यांच्या आधी हे ओळखलं गॅरेजमधल्या लोकांनी. इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचं गाव आहे. तिथे एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल यांनी १९४६ च्या सुमाराला घरच्या गॅरेजमध्ये छोटे ट्रॅक्टर बनवायला घेतले. सुरुवातीला जुन्या गाड्यांचे सुटे भाग वापरून. त्यातून पुढे उभी राहिली ती व्हील हॉर्स कंपनी. नाव छान आहे. घोडागाडीला एकापुढे एक जोड्या जुंपल्या की चाकाला सगळ्यात जवळचा जो घोडा, तो व्हील हॉर्स. खरा भार त्याच्यावर. आपल्याकडे धुरेला भरवशाचा बैल लागतो, तसंच.

आणखी एक गडी सांगतो आणि पुढे जातो. वेस्ट व्हर्जिनियातले बेंजामिन ग्रेव्हली. व्यवसायाने फोटोग्राफर. त्यांनी त्याच्याही खूप आधी, इंडियन नावाच्या मोटरसायकलचे भाग घेऊन स्वतःसाठी हातात धरून चालवायचा मोटर-नांगर बनवला. १९१६ साली पेटंट मिळालं. नाव ‘इंडियन’ असलं तरी मोटरसायकल अमेरिकनच, उगाच छाती फुगवू नका.

आता येतात मोठे लोक.

इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव आज तरुणांना माहीत नसेल. एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या शेतीयंत्र कंपन्यांपैकी एक. १९४७ पासून ते फार्मॉल कब नावाचा छोटा शेती-ट्रॅक्टर बनवत होते. लहान शेतकऱ्यासाठी. पण लहान शेतकरीच कमी होत चालले होते. मग त्यांनी नजर वळवली अंगणाकडे. १९६१ च्या हंगामासाठी बाजारात आला कब कॅडेट. पिवळा-पांढरा, सात हॉर्सपॉवरचा. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात, जिथे फार्मॉल कब बनायचा, तिथेच.

इथे जरा थांबा, कारण सगळी गंमत इथे आहे. नवीन कंपनीने असा ट्रॅक्टर काढला असता तर वजन कमी, खर्च कमी, असा विचार करून कोऱ्या कागदावर काढला असता. इंटरनॅशनलकडे कागद कोरा नव्हता. त्यांच्याकडे फाउंड्री होती, गिअर कापणारी मशीनं होती, फार्मॉल कबचा गिअरबॉक्स होता. कब कॅडेटची मागची बाजू त्याच गिअरबॉक्सवरून घेतली. बिडाचं ओतीव घर, आत शेतीच्या ट्रॅक्टरला शोभतील असे गिअर. मागे ताकद न्यायला लोखंडी शाफ्ट. गवत कापायला एवढं कशाला लागतं? लागत नाहीच. पण जे घरात होतं ते वापरलं. परिणाम असा की तो गिअरबॉक्स आजही, ऑईल बदललेलं असेल तर, बहुतेक वेळा धड निघतो. हा पहिला कब कॅडेट १९६३ पर्यंत बनला. संख्या ६५ हजारांच्या आसपास. आज शेडमध्ये सापडतात ते यातलेच आणि त्याच्या नंतरच्या भावंडांपैकी.

या कंपनीचं एक टोक मुंबईत येतं. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. १९६५ मध्ये कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. म्हणजे तिकडे लुइव्हिलमध्ये अंगणासाठी कब कॅडेट, आणि इकडे कांदिवलीत हरितक्रांतीच्या तोंडावर बी-२७५. एकाच कंपनीच्या दोन गिऱ्हाइकांत केवढं अंतर! एकाला गवत वाढू नये म्हणून ट्रॅक्टर, दुसऱ्याला धान्य वाढावं म्हणून.

इंटरनॅशनलने अंगणात पाय टाकल्यावर जॉन डिअर गप्प बसणार नव्हते. ही त्याहून जुनी कंपनी. १८३७ मध्ये एका लोहाराने करवतीच्या पोलादी पात्यापासून नांगर बनवला, तिथून सुरू झालेली. १९६३ साली त्यांनी विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून मॉडेल ११० आणलं. पहिल्या वर्षी साधारण एक हजार बनले. त्या वर्षीचा ११० कुणाला सापडला तर तो माणूस तुम्हाला जेवताना, झोपताना तेच सांगेल. नंतरच्या वर्षांच्या ११० मध्ये वेग बदलायला व्हेरिएटर आहे. पट्टा आणि लहान-मोठी होणारी पुली. तुमच्या ॲक्टिव्हात जे तत्त्व आहे, तेच. फरक इतकाच की ॲक्टिव्हात ते आपोआप होतं, इथे हाताने दांडा ओढायचा.

आणि मग १९६९. डिअरच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता घोळ. कंपनीला वाटलं, उपनगरातल्या घरात ट्रॅक्टर विकत घ्यायचा निर्णय बाईसुद्धा घेते, आणि तिला शेतातला हिरवा रंग अंगणात नको असेल. मग काढले चार रंग. ट्रॅक्टर पांढरा, आणि बॉनेट-सीट तुमच्या आवडीची: लाल, केशरी, निळी किंवा पिवळी. प्रत्येक रंगाला पडद्याच्या कापडासारखं नाव. पॅटिओ रेड, सनसेट ऑरेंज, स्प्रूस ब्लू, एप्रिल यलो. विचार करा, ज्या कंपनीचा हिरवा रंग पाहून शेतकरी लांबूनच ओळखतो, ती कंपनी निळ्या टोपीचा ट्रॅक्टर विकतेय. लोकांनी काय केलं? ‘हिरवा द्या’ म्हणाले. काही डीलरांनी म्हणे बॉनेट पुन्हा हिरवे करून विकले. दोनेक वर्षांत हा प्रयोग गुंडाळला. आणि म्हणूनच आज हे रंगीत ट्रॅक्टर दुर्मिळ आहेत, जमवणारे त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजतात. न विकलेल्या मालाची किंमत अशी पन्नास वर्षांनी वाढते. यातून दुसरा धंदाही निघतो: साधा हिरवा घ्यायचा, केशरी करायचा आणि ‘अस्सल’ म्हणून विकायचा. घेणारा मग बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात नखाने खरवडून खालचा रंग बघतो.

आता इंजिन. हा भाग थोडा लांबवणार आहे, कंटाळा आला तर सांगू नका.

कब कॅडेट असो की डिअर ११० किंवा त्या काळातले कित्येक व्हील हॉर्स, बॉनेट उघडलं की आत बहुतेक वेळा एकच नाव दिसतं: कोहलर. हो, तेच कोहलर. मॉलच्या नाहीतर हॉटेलच्या बाथरूममध्ये नळावर जे नाव वाचता तेच. १८७३ साली जॉन मायकल कोहलर या ऑस्ट्रियातून आलेल्या माणसाने विस्कॉन्सिनमध्ये लोखंडी शेती-अवजारांचा कारखाना घेतला. १८८३ मध्ये त्याने जनावरांना पाणी पाजायच्या बिडाच्या टाकीला आतून पांढरं एनॅमल चढवलं, खाली चार पाय लावले आणि बाथटब म्हणून विकला. म्हणजे बीड ओतणं हा यांचा मूळ धंदा. पुढे इंजिनं बनवली तीही बिडाची.

त्यांची ‘के’ मालिका एक सिलेंडरची, हवेने गार होणारी. सिलेंडर आणि ब्लॉक एकच ओतीव तुकडा. हे आपल्या कामाचं का? तर सिलेंडर झिजला की लेथवाल्याकडे न्यायचा आणि बोअर करून घ्यायचा. कंपनीनेच दहा, वीस आणि तीस थाऊ मोठे पिस्टन काढले होते. म्हणजे एकच ब्लॉक तीन-चार आयुष्यं जगू शकतो. जुनी बाईक असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘बोअर केली का?’ हा प्रश्न आपल्याकडच्या गॅरेजमध्येही रोज विचारला जातो. त्याच काळात स्वस्त मशीनांसाठी ॲल्युमिनियमची इंजिनं येऊ लागली होती. हलकी, बनवायला सोपी. त्यातली बरीचशी झिजली की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळ जातो, आणि मग फेकून देणंच शहाणपणाचं ठरतं.

पण कोहलरची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. या इंजिनात ऑईल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो, तो फिरताना तेल उडवतो, झालं वंगण. आणि तो रॉड ॲल्युमिनियमचा, थेट क्रँकवर फिरणारा, मधे वेगळं बेअरिंग नाही. तेल कमी झालं की तो आधी क्रँकला चिकटतो, मग तुटतो. तुटताना कधी कधी ब्लॉकला आतून भोक पाडून बाहेर डोकावतो. दुसरी कुरापत मोठ्या इंजिनांतली. दहा ते सोळा हॉर्सपॉवरच्या कित्येक इंजिनांत थरथर कमी करायला बॅलन्स गिअर बसवले होते. त्यांची पिन झिजली की गिअर सुटतो आणि अख्ख्या ब्लॉकचा सत्यानाश करतो. म्हणून इंजिन उघडणारे आज पहिल्यांदा ते गिअर काढून बाजूला ठेवतात. थोडं जास्त थरथरलं तर थरथरू दे, पण ब्लॉक वाचतो.

एवढा इतिहास कळला की विकत घेताना काय बघायचं ते जवळजवळ आपोआप समजतं. समजा तुमचा एखादा मित्र ओहायोत किंवा न्यू जर्सीत आहे, घर घेतलंय, आणि त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलंय. त्याला हा भाग पाठवा.

पहिलं काम: इंजिन हाताने फिरतं का? प्लग काढायचा आणि फ्लायव्हील हळूच फिरवून बघायचं. फिरलं तर उत्तम. जाम असेल तर घाबरायचं नाही, पण भावही मान्य करायचा नाही. जाम दोन तऱ्हेचा असतो. वर्षानुवर्षं उभं राहून रिंगा सिलेंडरला गंजून चिकटल्या, हा एक. यावर इलाज आहे. प्लगच्या भोकातून गिअरबॉक्सचं पातळ ऑईल आणि ॲसिटोन यांचं मिश्रण ओतायचं आणि वाट बघायची. दिवस, कधी आठवडे. हातोडा उचलायचा नाही, हे महत्त्वाचं. दुसरा जाम म्हणजे रॉड तुटून अडकलेला. त्यासाठी आधी ब्लॉकभोवती बॅटरी फिरवायची. भोक, तडा, वेल्डिंगचा डाग दिसला की समजायचं, आपण इंजिन विकत घेत नाही, फक्त त्याचं वजन घेतोय.

मग गिअरबॉक्सचं ऑईल. बोल्ट सैल करून थोडं बाहेर घ्यायचं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. थोडंसं पाणी चालतं, धुऊन नवीन ऑईल घातलं की काम होतं. पण थंड मुलखात पाण्याचा बर्फ होतो, आणि बर्फाने बिडाचं घर फुटू शकतं. म्हणून खालून नीट बघायचं.

वायरिंग, सीबी पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर यांची काळजी करायची नाही. हे बिघडलेलं असणारच. आणि हे सगळं मिळतं, स्वस्तात मिळतं. पॉइंटचा गॅप वीस थाऊ, फीलर गेज घालून लावायचा, झालं. रबरी पाइप मात्र सगळे बदलायचे. तिकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सहन करत नाही. आपल्याकडे आता वीस टक्के आलंय, तेव्हा हे दुःख तुम्हाला समजेल. स्टार्टरचा एक प्रकार गमतीचा आहे. त्या काळात स्टार्टर आणि डायनॅमो एकाच डब्यात असायचे. इंजिन सुरू करताना तो मोटर होऊन पट्ट्याने क्रँक फिरवतो, आणि सुरू झालं की तोच उलटा होऊन बॅटरी चार्ज करतो. एकाच माणसाने दोन नोकऱ्या कराव्यात तसं.

खरा खर्च कुठे येतो? जे नाही त्यात. बॉनेट गायब, जाळी गायब, गवत कापायचा डेक पत्रा खाऊन चाळण झालेला. इंजिनाचे भाग अजून बनतात, कारण ते इंजिन हजारो मशीनांत होतं. पण एका वर्षाच्या एका मॉडेलची जाळी आता कोण बनवणार? ती दुसऱ्या मेलेल्या ट्रॅक्टरवरूनच काढावी लागते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चालणारा पण अर्धवट ट्रॅक्टर घेण्यापेक्षा न चालणारा पण पूर्ण ट्रॅक्टर घ्यावा. यात जुनी खोडं आणखी एक पायरी पुढे जातात. एकाच मॉडेलचे दोन घेतात आणि त्यातून एक उभा करतात. शेजारी हसतात. बायको हसत नाही.

गंज काढायला एक घरगुती प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्ह टोकाला, आणि दुसरा एक टाकाऊ लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. रात्रभर ठेवला की गंज सैल होऊन निघतो आणि खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. दोन पथ्यं पाळायची. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. आणि हे उघड्यावर करायचं, कारण यात हायड्रोजन निघतो. बंद खोलीत ठिणगी पडली तर ट्रॅक्टर राहील बाजूला.

पैशाचं काय? सरळ सांगतो. जितके घालाल तितके परत येत नाहीत. रंग, टायर, सीट, बोअर, स्टिकर यांची बेरीज केली की तयार ट्रॅक्टरच्या बाजारभावापेक्षा बहुतेक वेळा जास्तच निघते. ज्याला नफा हवाय त्याने दुसरं काहीतरी करावं.

तर मग हे ट्रॅक्टर बनायचे का थांबले? उत्तराचा एक भाग साधा आहे. गिऱ्हाईक बदललं. पुढच्या पिढीने घरामागे बटाटे लावणं सोडलं. नांगर लागेना, फक्त गवत कापायचं राहिलं. त्यासाठी अडीचशे-तीनशे किलोचं बीड कशाला? मोठमोठ्या दुकानांत हलके, पत्र्याचे, स्वस्त लॉन ट्रॅक्टर मिळू लागले. ते घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. दहा गुंठे गवतासाठी तेच बरोबर आहे.

दुसरा भाग कंपन्यांचा. व्हील हॉर्स १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८६ मध्ये टोरोकडे, आणि पुढे ते नावच पुसलं गेलं. इंटरनॅशनल हार्वेस्टरची गोष्ट जास्त दुःखाची. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये संप सुरू झाला, तो १७२ दिवस चालला. त्यावर चढे व्याजदर, त्यावर शेतीतली मंदी. १९८१ मध्ये कंपनीने कब कॅडेट क्लीव्हलंडच्या एमटीडीला विकून टाकला. १९८५ मध्ये शेतीचा विभागच केसच्या मालकांकडे गेला. ज्या फाउंड्रीमुळे, ज्या शेती-गिअरमुळे कब कॅडेट तसा झाला होता, ते घरच मोडलं. नाव राहिलं, पिवळा रंग राहिला. आजही कब कॅडेट दुकानात मिळतो. पण साठच्या दशकातला तो ट्रॅक्टर घडला कारण शेतकऱ्याला उत्तर द्यायची सवय असलेली कंपनी तो बनवत होती. शेतकरी मशीन फेकत नाही. तो पाना घेऊन खाली झोपतो. त्याला पुस्तक द्यावं लागतं, भाग द्यावा लागतो.

निदान तेव्हा द्यावा लागायचा.

कारण आता डिअरकडे परत या. ११० चा बोल्ट कुठलाही पाना लावून उघडतो. त्याच कंपनीच्या आजच्या मोठ्या शेती-ट्रॅक्टरमध्ये सेन्सर आणि सॉफ्टवेअर आहे. एखादा दोष आला की मशीन थांबतं, आणि काही दुरुस्त्या कंपनीच्या डीलरकडचं सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा आणि डीलरचा माणूस यायचाय, ही तक्रार अमेरिकेतले शेतकरी वर्षानुवर्षं करतायत. जानेवारी २०२३ मध्ये डिअरने तिथल्या सगळ्यात मोठ्या शेतकरी संघटनेशी करार केला की दुरुस्तीची साधनं उपलब्ध करून देऊ. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने दोन राज्यांना सोबत घेऊन डिअरवर खटलाच भरला. आरोप असा, की दुरुस्ती डीलरांपुरती अडवून ठेवली. कंपनीने आरोप नाकारलेत. कंपनीची बाजू अशी की सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम पाळायचे तर प्रत्येकाला सॉफ्टवेअरमध्ये हात घालू देता येत नाही. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. धूर सोडणाऱ्या जुन्या कोहलरला आजचे प्रदूषणाचे नियम लावले तर तो पहिल्याच दिवशी नापास होईल.

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. डिअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे, आणि ट्रॅक्टर विकत घेणारा शेतकरी तुमचा काका-मामा असू शकतो. अजून आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर गावातला मिस्त्री उघडू शकतो. पुढच्या वेळी घरात नवीन ट्रॅक्टर बघायला शोरूमला गेलात, तर हॉर्सपॉवर आणि सबसिडीच्या जोडीने एवढं विचारा: हा बिघडला तर आमचा मिस्त्री उघडू शकेल का, आणि सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का?

आता तुमच्यातले काही जण विचारतील, असा कब कॅडेट इकडे आणता येईल का. आणून काय करणार? जहाजाचं भाडं ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जास्त होईल, आणि जाळीचा एक तुकडा हवा झाला की पुन्हा ओहायोकडे बघायचं. त्यापेक्षा गावाकडे चक्कर मारा. गोठ्यामागे, चिंचेखाली, एखादा जुना बी-२७५ अजून उभा असेल. प्लेटवर इंटरनॅशनलचं नाव आहे का बघा. भंगारवाला वजनावर नेईल, त्याच्या आधी जा. आणि इंजिन फिरतंय का ते आधी बघा, भाव नंतर बोला.

चला, आजच्यापुरतं एवढंच. कुणाच्या घरी असा ट्रॅक्टर असेल तर फोटो पाठवा, नंबर प्लेटचा नाही, इंजिनवरच्या प्लेटचा. भेटू पुढच्या भागात.